‘स्विच बंद-चालू केला की नेट येतं’, मग मी शिकलो ते कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीन महिन्यांपूर्वी आयटीत लागलेल्या मुलाने विचारलंय: सीसीएनए (सिस्कोचा नेटवर्किंगचा दाखला) झालंय, सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांचे गट पाडणं) तोंडपाठ आहे, पण ‘नेट गेलं’ म्हणून फोन आला की डोकं रिकामं होतं. दुसऱ्या मजल्यावरचं नेट रोज दुपारी तीनच्या पुढेमागे जातं. साहेब वर जातात, तिथला स्विच (मजल्यावरच्या सगळ्या केबल जिथं जोडल्या जातात तो डबा) बंद-चालू करतात, पाच मिनिटांत सगळं सुरळीत. मग मी शिकलेलं कुठं वापरायचं, आणि पुण्याला जावं का?

तुला अरे-तुरे करतो, राग मानू नको. २२ वर्षं याच कामात आहे. शाहूपुरीतल्या एका दुकानात कॉम्प्युटर जुळवण्यापासून सुरुवात केली, मधली नऊ वर्षं हिंजवडीत काढली, आता परत आपल्याकडेच एका कारखान्याचं आयटी बघतो.

आधी साहेबांबद्दल. त्यांना मनात हसत असशील तर थांबव. डिस्पॅचची गाडी गेटवर भरून उभी आहे, ई-वे बिल निघत नाही, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी ऑफिसात डोकावतोय, अशा वेळी जे केल्याने नेट येतं ते करणं हेच बरोबर. मीही करतो. फरक फक्त पुढच्या प्रश्नाचा आहे. रीस्टार्टने काम झालं ना, मग रीस्टार्टने नेमकं काय पुसलं? जे पुसलं गेलं त्यातच दुखणं होतं. तुझी संशयितांची यादी साहेबांनी तुला रोज आयती करून दिली आहे.

ती यादी काही लांबलचक नाही. स्विच बंद केला की कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर (केबलच्या भोकावर) आहे ते टेबल जातं. एआरपी (कुठला पत्ता कुठल्या मशीनचा ती नोंद) जातो. स्विचच आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटत असेल तर कुणाला कुठला आयपी दिला ती वहीच कोरी होते. प्रत्येक पोर्ट समोरच्याशी नव्याने बोलणी करून वेग ठरवतो. लॉग जातो, चुकांचे आकडे शून्यावर येतात. आणि एक गोष्ट सगळे विसरतात: स्विच पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) असेल तर त्याच्या केबलवर जगणारे वायफायचे एपी (सिग्नल देणारे डबे), कॅमेरे, टेबलावरचे फोन हेही रीस्टार्ट होतात. आजारी होता छतावरचा एपी आणि इंजेक्शन दिलं स्विचला, असं मी कितीदा तरी पाहिलंय. एपीला गुण आला, श्रेय स्विचच्या रीस्टार्टला गेलं.

म्हणून बटणाला हात लावण्याआधी दोन मिनिटं माग. साहेबांकडे हट्ट करून माग. मोबाइलने स्विचच्या दिव्यांचा व्हिडिओ काढ, फोटो नको. दिवे कसे लुकलुकतात ते फोटोत कळत नाही. कन्सोल केबल (लॅपटॉपवरून थेट स्विचशी बोलायची) लावून शो लॉग आणि शो इंटरफेसेस या कमांड मारून जे येईल ते फाइलमध्ये साठव. एका बिघडलेल्या आणि एका चालू मशीनवर आयपीकॉन्फिग ऑल मारून दोन्हींचे फोटो घे. मग खुशाल बंद-चालू करा.

आता फोन आल्यावर डोकं रिकामं होतं त्याचं. ते रिकामं होतं कारण ‘नेट गेलं’ हे वाक्य तू जसंच्या तसं घेतोस. ते पोट दुखतंय म्हणण्यासारखं आहे. परवाचाच आमचा अकाउंट्सचा फोन:

“सर, नेट गेलंय.”

“कुणाचं?”

“आमचं.”

“तुमचं एकट्याचं, का शेजारच्या टेबलावरचं पण?”

“थांबा हं… नाही, त्यांचं चालू आहे म्हणतायत.”

“प्रिंट निघते?”

“निघते की. आत्ताच काढली.”

“व्हॉट्सॲप वेब?”

“ते चालू आहे.”

“मग मॅडम, बंद काय आहे?”

बंद होती एक सरकारी साइट, आणि त्या दिवशी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख होती. खुर्चीतून न उठता प्रकरण मिटलं. प्रिंटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. प्रिंटर नेटवर्कवर असेल आणि प्रिंट निघत असेल, तर मशीनपासून आपल्या स्विचपर्यंतचा रस्ता ठीक आहे. व्हॉट्सॲप चालतंय म्हणजे बाहेरचा रस्ताही ठीक आहे. दोन प्रश्नांत तीन चतुर्थांश जग बाजूला झालं. पुस्तकातले सात थर हेच सांगतात, फक्त ते फोनवर असे विचारायचे असतात.

मशीनसमोर बसलास की पहिल्यांदा आयपी बघ. १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर विंडोजने तो स्वतःच स्वतःला दिलाय. म्हणजे आयपी देणारं कुणी भेटलंच नाही, एक तर केबल किंवा व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) चुकलंय, नाहीतर वाटणाऱ्याकडचं संपलंय. (हे ‘संपलंय’ लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे.) आयपी बरोबर असेल तर गेटवेला (आपल्या नेटवर्कमधून बाहेर जायच्या दाराला) पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघ, मग ८.८.८.८ ला (गूगलचा सगळ्यांना खुला पत्ता), मग एखाद्या नावाला. गेटवे मिळतो पण ८.८.८.८ नाही, तर फायरवॉल (आत-बाहेरची ये-जा तपासणारा पहारेकरी) किंवा लाइनवाल्याकडे बघ. आकडा मिळतो पण नाव नाही, तर डीएनएस (नावावरून आकडा सांगणारा). फक्त एक खबरदारी: काही फायरवॉल पिंगलाच उत्तर देत नाहीत. म्हणून सगळं ठीकठाक असतानाच एकदा हे सगळे पिंग मारून कोण उत्तर देतं, कोण देत नाही ते लिहून ठेव. निरोगी माणसाची नाडी माहीत नसेल तर तापाची काय कळणार?

रीस्टार्टने उलट दुखणं पसरतं, असाही एक प्रकार आहे, आणि तो आपल्याकडे दर सहा महिन्यांनी कुठे ना कुठे होतो. मीटिंग रूममध्ये मोबाइलला रेंज नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणतो आणि भिंतीतली केबल त्याच्या लॅनच्या भोकात खुपसतो. आता त्या नेटवर्कवर आयपी वाटणारे दोन झाले. जो आधी उत्तर देईल त्याचं मशीन ऐकतं. सकाळी चालू केलेली मशीनं मजेत असतात, कारण त्यांच्याकडे खरा आयपी आहे. एकाचं बिघडतं, तो रीस्टार्ट करतो. शेजारी म्हणतो माझंही जरा हळू वाटतंय, तोही करतो, आणि त्यालाही खोटा आयपी मिळतो. तासाभरात अर्धा मजला बंद, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ‘रीस्टार्ट केल्यावरच बंद पडलं.’ खरंच सांगत असतात ते! अशा वेळी बिघडलेल्या मशीनचा गेटवे बघ, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १.१ असतो. एआरपी डॅश ए मारून त्या गेटवेचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) घे, त्याचे पहिले सहा आकडे-अक्षरं कंपनी सांगतात, आणि स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो कुठल्या पोर्टवर आहे ते सापडतं. त्या केबलचा माग काढत गेलं की टेबलाखाली, डब्याच्या पिशवीमागे, राउटर हसत बसलेला असतो. तो सापडल्यावर त्याच दिवशी डीएचसीपी स्नूपिंग (खऱ्या वाटणाऱ्याशिवाय कुणाला आयपी वाटू न देणारं सेटिंग) चालू कर, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा हेच.

लूपचा प्रकार सोपा, पण घाबरवणारा. टेबलं हलवल्यावर एक केबल लोंबकळत होती, साफसफाईच्या मावशींनी चांगल्या मनाने तिचं मोकळं टोक समोरच्या भोकात घातलं. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. इथरनेटच्या फ्रेमवर (केबलवरून जाणाऱ्या पाकिटावर) आयपीसारखा ‘एवढ्या उड्या झाल्या की मर’ असा आकडा नसतो, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचा निरोप) फिरत राहतो, त्याची पिल्लं होतात, आणि सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागतात, गणपतीच्या मिरवणुकीतल्या लायटिंगसारखे. म्हणून फोटोऐवजी व्हिडिओ. यावरचा उपाय रॅडिया पर्लमन बाईंनी १९८५ मध्ये काढला, त्याला आपण स्पॅनिंग ट्री म्हणतो: लूप दिसला की स्विच स्वतःच एक वाट बंद करतो. पण दुकानातून आणलेल्या स्वस्त आठ पोर्टच्या डब्यात तो बहुधा नसतो. शोधायची रीत एकच. मुख्य स्विचमधल्या केबल एकेक काढत जा, जिच्यामुळे दिवे शांत होतात त्या दिशेला जा.

आता एक माझीच फजिती सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे.

जिल्ह्यातला एक साखर कारखाना. नाव नको. नोव्हेंबर, गाळप सुरू होऊन आठ-दहा दिवस झालेले. वजनकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेला, आणि तो दिवसातून दहा-बारा वेळा तुटायचा. तुटला की काटा कारकून केबिनमधल्या स्विचचा प्लग काढून घालायचा. चालू व्हायचं, तासभर चालायचं, पुन्हा बंद. मी रात्री नऊला पोचलो तेव्हा उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यावर गेली होती. कारकून वजनं वहीत लिहून घेत होता, आणि एक ट्रॅक्टरवाला खिडकीत वाकून प्रत्येक आकडा दोनदा वाचायला लावत होता. त्याचं बरोबरच होतं, त्याचे पैसे त्या आकड्यावर होते.

मी सगळ्यांना विचारलं, काय बदललंय? ऑफिस म्हणालं काही नाही. कारकून म्हणाला काही नाही. केबिनमधल्या स्विचकडे बघत बसलो तर लिंकचा दिवा विझायचा, दोन सेकंदांनी लागायचा. म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, तारेचंच काहीतरी. तार कुठून जाते बघायला बॅटरी घेऊन निघालो, तेव्हा गेटवरचे मामा सोबत आले. चालता चालता म्हणाले, “दिवाळीच्या साफसफाईत जुना डबा काढून नवा बसवला की त्यांनी. जुन्याची पिन हालत हुती.”

झालं. परत येताना पावलांनी अंतर मोजलं, कुंपणाच्या भिंतीवरून वळसे घेत १४० मीटरच्या आसपास भरलं. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. मग इतकी वर्षं चालली कशी? जुना डबा १०० एमबीपीएसचा होता. १०० च्या वेगाला चारपैकी दोनच जोड्या लागतात, आणि तो वेग थोडं जास्त अंतर रडतखडत का होईना सहन करतो. नवा डबा गिगाबिटचा. तो समोरच्या गिगाबिट पोर्टशी बोलणी करतो, दोघं हजारावर एकमत करतात, आणि चारही जोड्यांवर १४० मीटर ओरडत बसतात. प्लग काढून घातला की बोलणी नव्याने व्हायची, थोडा वेळ तग धरायचं.

इथपर्यंत मी हुशार. पुढे ऐक. मी ऑफिसच्या स्विचवर जाऊन तो पोर्ट १०० आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं) असा हाताने पक्का केला. लिंक खांबासारखी स्थिर. पन्नास पिंग मारले, एक चुकला नाही. बारा वाजता ऐटीत घरी आलो. पहाटे साडेपाचला फोन: “साहेब, तुटत नाही आता, पण एक पावती सेव्ह व्हायला मिनिट लागतंय. कालचं बरं होतं.”

काय झालं होतं? माझं टोक हाताने पक्कं केलेलं, ते बोलणीच करत नाही. केबिनमधला डबा साधा, त्याला सेटिंग नाही, तो ऑटोवर. समोरचा बोलत नाही म्हटल्यावर ऑटोवाला वेग ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही, आणि नियमानुसार हाफ (एका वेळी एकच, बोलणं किंवा ऐकणं) धरतो. एक टोक एकाच वेळी बोलतंय-ऐकतंय, दुसरं ‘आधी तुम्ही’ म्हणत थांबतंय. पिंग छोटा असतो, रिकाम्या लाइनवरून आरामात जातो. खरं काम सुरू झालं की टकरा. ऑफिसच्या पोर्टवर सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेल्या पाकिटांची मोजणी) हजारांत गेल्या होत्या. रात्री तो आकडा मी बघितलाच नव्हता, कारण पिंग छान दिसत होता. मग पोर्ट परत ऑटोवर टाकला आणि ‘ऑटोत फक्त १०० पर्यंतच बोल’ असं सांगितलं. दोन्हीकडे फुल झालं, हंगाम निघाला. हंगाम संपल्यावर तिथे फायबर (काचेची केबल) टाकली. ती आधीच टाकायला हवी होती, पण साखर कारखान्यात जानेवारीत चर खणायला कोण देतो?

बघ, रीस्टार्टने तिथे काय बदलत होतं? वेगाची बोलणी. उत्तर तिथेच होतं, कारकून दिवसातून बारा वेळा त्याच्यावर बोट ठेवत होता.

फौंड्रीत काम करशील तर वेगळंच भेटेल. शिरोलीकडच्या एका फौंड्रीत शॉप फ्लोअरवरची दोन मशीनं मधूनच हळू व्हायची. तिथला पोरगा रोज स्विच रीस्टार्ट करायचा, चुकांचे आकडे शून्यावर यायचे आणि शून्य दिसलं की त्याला वाटायचं बरं झालं. आम्ही एक दिवस रीस्टार्ट बंद ठेवला, दर दहा मिनिटांनी सीआरसीचा आकडा वहीत टिपला, आणि ती वही भट्टीवाल्यांच्या हीटच्या (धातू वितळवण्याच्या एकेका फेरीच्या) नोंदीशेजारी ठेवली. हीट चालू असताना आकडा चढतोय, मेटल ओतून झालं की थांबतोय. इंडक्शन भट्टीची पॉवर केबल आणि नेटवर्कची केबल एकाच ट्रेमधून शेजारी-शेजारी नेली होती. इलेक्ट्रिशियनचं काम देखणं होतं, एकसारखे टाय मारलेले, पण शेजार वाईट. तेवढ्या पट्ट्यात फायबर टाकली, प्रश्न संपला. काचेला भट्टीचं काही सोयरसुतक नसतं. दोन इमारतींमध्येही तांबं नेऊ नको. एप्रिल-मेमधल्या एका वळवाच्या पावसात, वीज शंभर-दोनशे मीटरवर पडली तरी, दोन्हीकडचे पोर्ट जळालेले मी पाहिलेत. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि तो फरक मिटवायला तुझी केबल हा सगळ्यात सोपा रस्ता असतो.

व्हीपीएनवर (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित वाटेवर) एक विचित्र तक्रार येते: मेल येतात, छोटी पानं उघडतात, पण अटॅचमेंट जात नाही, मोठा रिपोर्ट अर्ध्यावर अडकतो. इथे रीस्टार्टने काहीच होत नाही, आणि तीच खूण. पाकिटाचा आकार बघ. इथरनेटवर १५०० बाइट जातात, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर १४९२, व्हीपीएनचं वेष्टन त्यातून आणखी खातं. विंडोजवर पिंगला तुकडे करू नको असं सांगून १४७२ चा आकार दे (वरचे २८ बाइट हेडरचे), नाही गेला तर कमी करत जा. कुठे जातो ते कळलं की फायरवॉलवर एमएसएस (एका पाकिटात किती माल भरायचा ती मर्यादा) त्याप्रमाणे खाली आण.

लॉगबद्दल एक आग्रह. सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) जुळवून घे. सिस्कोचे बरेच जुने स्विच, वेळ दिली नाही तर, रीस्टार्टनंतर १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. तू तीन वाजताचा गुन्हेगार शोधतोयस आणि लॉग म्हणतोय १९९३. कोपऱ्यात पडलेला एखादा जुना पीसी घे, त्यावर सिसलॉग (सगळ्यांचे लॉग एका जागी गोळा करणारा प्रोग्राम) चालव, सगळ्या स्विचना तिकडे लिहायला सांग. मग स्विच बंद केला तरी त्याची जबानी दुसऱ्याकडे राहते. फुकटात होतं हे, आणि कुणाची परवानगी लागत नाही. (विचारून मात्र घे. तीन महिनेच झालेत तुला.)

दोन लाइनांचंही जाता जाता. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथं शेंबड्या पोराला माहीत असतं. पण आपल्या ऑफिसच्या दोन्ही इंटरनेट लाइन कुठल्या रस्त्याने येतात ते आयटीवाल्याला माहीत नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महामार्गच पाण्याखाली गेला तेव्हा मला कळलं की आमच्या दोन लाइनांची बिलं दोन कंपन्यांची, पण फायबर एकाच खांबांवरून येते. सेल्सच्या माणसाला विचारू नको, तो ‘टोटली सेपरेट’ म्हणतो. केबल जोडायला येणाऱ्या पोराला चहा पाज आणि त्याच्या गाडीवर मागे बसून रस्ता बघून ये.

पुण्याचं विचारलंस. मोठ्या कंपनीत तुला वेगळी शिस्त मिळेल: प्रत्येक गोष्टीचं तिकीट (तक्रारीची नोंद), बदल करायचा तर आधी मंजुरी आणि रात्रीची ठरलेली वेळ, मोठं काही पडलं की तीस जण एका कॉलवर, आणि नंतर कारण लेखी द्यायचं. तिथेच मला ‘काय बदललं’ विचारायची सवय लागली. तिथे हेही कळलं की निर्दोष सिद्ध होईपर्यंत नेटवर्कच आरोपी असतं. डेटाबेसवाला, सर्व्हरवाला, सगळे आधी आपल्याकडे बोट करतात, आणि पुरावा आपणच द्यायचा असतो. चुका मात्र तिथेही होतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप सहा तासांच्या आसपास जगभर बंद होतं, ते त्यांच्याच देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे. इंटरनेटला त्यांचे रस्तेच दिसेनासे झाले, आणि दुरुस्तीची त्यांची साधनंही त्याच रस्त्यांवर होती. तेव्हापासून मी आमच्या मुख्य फायरवॉलला एक साधं फोरजीचं मॉडेम वेगळ्या वाटेने जोडून ठेवलंय.

तोटा असा की तिथे तुला एकच तुकडा दिसतो. दोन वर्षं फक्त तिकिटं इकडून तिकडे पाठवणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यांना केबल क्रिम्प करता येत नाही. इथे तू प्रिंटरच्या टोनरपासून फायरवॉलपर्यंत सगळं करतोस, वैतागतोस, पण भट्टी आणि सीआरसीचा संबंध इथेच कळतो. माझं मत विचारशील तर इथे दीड-दोन वर्षं काढ, मग जा, आणि परत यायचं का ते तिथे गेल्यावर ठरव. पण आत्ता, साहेब रीस्टार्टने भागवतात म्हणून कंटाळून जाऊ नको. तुझ्यासमोर एक छान केस पडली आहे.

तुझ्या प्रश्नात तू चार गोष्टी सहज लिहून गेलायस. एक, तीन वाजता नेट जातं तेव्हा ‘काहींचं चालू राहतं’. दोन, शनिवारी हा त्रास होत नाही. तीन, दुसऱ्या मजल्यावरचा स्विचच त्या मजल्याला आणि कँटीनच्या वायफायला आयपी वाटतो. चार, आणि ही मला सगळ्यात आवडली, रीस्टार्टनंतर दोन-तीन जणांना ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ असा संदेश येतो.

तीनला तुमची शिफ्ट बदलते. सकाळच्या पाळीचे लोक कपडे बदलून कँटीनमधून बाहेर पडतायत, दुपारच्या पाळीचे चहाला आत येतायत, आणि जनरल पाळीचं ऑफिस तर भरलेलंच आहे. एका साध्या सबनेटमध्ये २५४ आयपी, त्यातले प्रिंटर-कॅमेऱ्यांचे वगळ. सकाळी आलेल्या प्रत्येक मोबाइलने एक आयपी घेतला आहे आणि लीज (तो आयपी ठेवायची मुदत) समजा आठ तासांची असेल तर तो माणूस घरी गेला तरी त्याचा आयपी संध्याकाळपर्यंत अडकून. दुपारची पाळी आली की वाटायला काही उरत नाही. ज्यांच्याकडे आधीपासून आयपी आहे त्यांचं चालू राहतं, नव्याने येणाऱ्यांना १६९.२५४. शनिवारी जनरलचं ऑफिस अर्धं रिकामं, म्हणून पुरतं. साहेब स्विच बंद करतात, वाटपाची वही कोरी होते, स्विचला वाटतं सगळेच आयपी मोकळे आहेत, आणि तो वाटायला लागतो. त्यातले काही आधीच कुणाच्या तरी लॅपटॉपवर किंवा खिशातल्या झोपलेल्या मोबाइलवर असतात. म्हणून कॉन्फ्लिक्ट.

हा माझा अंदाज आहे, मी रॅक पाहिलेला नाही. तो खोटाही ठरू शकेल, म्हणून तपासून बघ. उद्या पावणेतीनला कन्सोल लावून बस. शो आयपी डीएचसीपी बाइंडिंग मार (ही वाटपाची वही दाखवणारी कमांड), किती ओळी आहेत मोज. सिस्को नसेल तर वेबपानावर लीज टेबल असेल. दहा-दहा मिनिटांनी मोजत तीन-दहापर्यंत जा. ओळी चढत चढत एका आकड्याला अडकल्या आणि त्याच वेळी फोन वाजायला लागले, तर पकडलास. तसं नसेल, आधीपासून चालू असलेल्यांचंही त्याच क्षणी जात असेल, तर माझा अंदाज फेकून दे आणि दिव्यांचा व्हिडिओ आणि लॉग बघ.

खरं निघालं तर नुसती लीज तासाभराची करून भागेल असं वाटेल, थोडे दिवस भागेलही. पण मोबाइलला वेगळं व्हीलॅन दे, त्याचं सबनेट २३ चं ठेव म्हणजे ५१० आयपी होतील, आणि ऑफिसच्या मशीनांच्या वाट्यात कँटीनला येऊ देऊ नको. हे करायच्या आधी साहेबांना ती आकड्यांची वही दाखव. स्विच त्यांच्या हाताने रीस्टार्ट होत असला तरी कॉन्फिग तुझ्या हाताने बदलली जाणार आहे, आणि ती सेव्ह करायला विसरलास तर पुढच्या रीस्टार्टला जुनीच परत येईल.

ओळी किती भरल्या ते कळव.